युरोडायनॅमिक टेस्ट आणि ब्लॅडर ट्रेनिंग: साताऱ्याहून पुण्याला जाऊन घेतलेला अनुभव

युरोडायनॅमिक टेस्ट म्हणजे मूत्राशय भरताना आणि रिकामं होताना कसं वागतं ते मोजणारी तपासणी. ती जिथे केली त्या सेंटरला ५ पैकी ४ स्टार देतेय. एक स्टार का कापला ते खाली लिहिलंच आहे. पण आधी हे सांगते की इथे येऊन मला माझ्याच शरीरातली एक गोष्ट वयाच्या ४६व्या वर्षी पहिल्यांदा नीट कळली, आणि मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, म्हणजे उत्सर्जन संस्थेचा धडा किती वर्षं शिकवलाय तो हिशोबच नाही. लांबलचक लिहितेय कारण या विषयावर मराठीत कुणी मोकळेपणाने लिहीत नाही आणि मी स्वतः दोन वर्षं शोधत होते की ही टेस्ट केलेल्या एखाद्या बाईचा अनुभव कुठे वाचायला मिळतो का.

माझा त्रास असा होता की लघवीची जाणीव हळूहळू वाढत यायची नाही, एकदम यायची आणि आली की मग थांबताच यायचं नाही. दिवसातून १४ वेळा, रात्री दोन-तीनदा उठणं वेगळं. आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता खडू ठेवून जावं लागायचं. एसटीने पुण्याला जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून पाणी बंद, सकाळचा चहा बंद, स्वारगेटला उतरल्यावर पहिलं काम काय ते ठरलेलं. एकदा पुण्याहून परत येताना खंबाटकी घाटात ट्रॅफिकमध्ये गाडी दीड तास अडकली आणि त्या दीड तासात माझं जे झालं ते मी घरी कुणालाही सांगितलं नाही, इथे पहिल्यांदा लिहितेय.

या सेंटरला येण्याआधी दुसरीकडे दाखवत होते. पहिल्यांदा खरंच इन्फेक्शन होतं, कल्चरमध्ये, म्हणजे लघवीत जंतू वाढतात का ते बघायच्या तपासणीत, ई. कोलाय हा जिवाणू आला, अँटिबायोटिकने बरं वाटलं. पण नंतर घाई राहिलीच, आणि प्रत्येक वेळी कल्चर निल (जंतू नाहीत) आलं तरी पुन्हा गोळ्या, असे पहिला धरून पाच कोर्स झाले. शेवटी मला सांगण्यात आलं की मॅडम तुम्ही मनाला फार लावून घेता, या वयात बायकांना असं होतंच. तिथून बाहेर पडताना मी गाडीपर्यंत रडत गेले. माझ्या एका मैत्रिणीच्या आईने इथे उपचार घेतले होते, तिने हे सेंटर सुचवलं.

फोन केला तर लगेच टेस्टची तारीख दिली नाही. आधी तीन दिवसांची डायरी लिहून आणा म्हणाले. किती वाजता किती पाणी किंवा चहा प्यायलात, किती वाजता लघवीला गेलात, किती मिलिलिटर झाली, घाई किती होती, थेंब गेले का. मिलिलिटर मोजायला मी स्वयंपाकघरातला नको झालेला मापाचा जग बाथरूममध्ये नेला. दोन दिवसांतच मला दिसलं की दर वेळी ९० ते १२० मिलीच होतेय. म्हणजे एवढी जीव जाईल अशी घाई, आणि जगात बघावं तर अर्धा कप चहाएवढं! ही डायरी फुकट आहे, घरी करता येते, आणि मला आधी कुणीच ती करायला सांगितली नव्हती याचं आजही वाईट वाटतं. सोबत युरिन कल्चर नवीन करून आणायला सांगितलं, कारण इन्फेक्शन असेल तर टेस्ट करत नाहीत, पुढे ढकलतात.

टेस्टच्या दिवशी पोट हलकं ठेवून आणि लघवी साठवून यायचं असतं. पहिला भाग सोपा. एक कमोडसारखी खुर्ची असते, खाली नरसाळं आणि वजन मोजणारं यंत्र, टेक्निशियन ताई बाहेर जातात, आपण एकट्याच. दर सेकंदाला किती मिली येतेय त्याचा आलेख निघतो. तो घंटेसारखा गोलसर आला पाहिजे, माझा ठीक होता. मग सोनोग्राफीने आत किती शिल्लक राहिली ते बघतात, माझी २० मिली म्हणजे काहीच नाही. एवढ्यावरून एक शंका गेली, की लघवीची पिशवी रिकामी होत नाही म्हणून वारंवार जावं लागतंय असं नाहीये.

दुसरा भाग म्हणजे ज्याची सगळ्यांना भीती वाटते तो, तर जसा झाला तसाच लिहिते. लघवीच्या मार्गातून एक अगदी बारीक नळी घालतात आणि दुसरी एक गुदद्वारातून. ऐकायला भयंकर वाटतं. घालताना चुरचुरतं, जेल लावलेलं असतं, दहा-पंधरा सेकंद नकोसं होतं, मग सवय होते. दुसरी नळी का, तर खोकलं की पोटाचा दाब वाढतो आणि तो पिशवीवरही येतो, तेव्हा पोटाचा दाब वजा केल्याशिवाय पिशवीचा स्वतःचा स्नायू किती दाब देतोय ते कळत नाही. हे त्या ताईंनी मला न विचारता समजावलं आणि मग मध्ये मध्ये 'मॅडम जरा खोका' म्हणत होत्या. सलाइनचं पाणी हळूहळू आत सोडतात आणि आपण सांगायचं, आता जाणवलं, आता जावंसं वाटतंय, आता थांबवत नाही. मला ९५ मिलीलाच जाणवलं. १४० ला ती ओळखीची लाट आली आणि स्क्रीनवरची रेघ एकदम डोंगरासारखी वर गेली, मी काहीही केलेलं नसताना. थोडी गळतीसुद्धा झाली. मी ओशाळून सॉरी म्हणायला गेले तर ताई म्हणाल्या, 'मॅडम, हेच तर आम्हाला पकडायचं होतं, बरं झालं इथे आलं.' ती रेघ बघून मला काय वाटलं सांगू? दोन वर्षं मला मनाचा खेळ म्हणून सांगितलेली गोष्ट समोर आकड्यांत दिसत होती.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले त्यावर येते. टेस्टनंतर डॉक्टरांनी मला २५ मिनिटं दिली. मी शिक्षिका आहे हे फॉर्मवर वाचून त्यांनी विचारलं, 'मॅडम, मुलांना मूत्राशय कसं शिकवता?' मी म्हटलं, पिशवी, मूत्रपिंडात तयार झालेली लघवी साठवणारी पिशवी. मूत्रपिंडाला आपण दोन तास देतो, नेफ्रॉनची आकृती काढून घेतो, गाळणी, पुनर्शोषण सगळं, आणि मूत्राशयाला एक वाक्य. ते म्हणाले, पिशवी म्हणालात ना, तिथेच गडबड आहे, आणि जुन्या रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी भिंतीचं चित्र काढलं. तो कागद मी घरी आणलाय.

तर मूत्राशयाच्या भिंतीला आतून जे अस्तर असतं त्यात पेशींचे काही थर असतात. सगळ्यात खाली छोट्या पेशी, मधे मध्यम, आणि लघवीला थेट तोंड देणारा सगळ्यात वरचा थर छत्री पेशींचा. एकेक छत्री पेशी खालच्या बऱ्याच पेशींवर छत्रीसारखी पसरलेली असते म्हणून हे नाव. खालच्यांपेक्षा कितीतरी मोठ्या, आणि बऱ्याच पेशींत दोन दोन केंद्रकं. आता विचार करा, लघवी म्हणजे शरीराने बाहेर टाकायला काढलेलं युरिया, क्षार, आम्ल, आणि ते तीन-चार तास या अस्तराला चिकटून बसतं, तरी त्यातलं जवळजवळ काहीच उलटं रक्तात शिरत नाही. याचं कारण या छत्री पेशी एकमेकींना शेजारून घट्ट शिवल्यासारख्या जोडलेल्या असतात, आणि त्यांच्या लघवीकडच्या बाजूवर युरोप्लाकिन नावाच्या प्रथिनांच्या कडक चकत्या बसवलेल्या असतात. डॉक्टरांनी शब्द वापरला पेव्हर ब्लॉक. खरंच, त्या चकत्यांतले प्रथिनांचे कण षटकोनी रचनेत बसतात, आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये असतात तसेच.

मग माझ्या डोक्यात प्रश्न आला की फरशी कडक असेल तर पिशवी फुगते कशी? हा प्रश्न मी विचारला आणि डॉक्टर खुश झाले. रिकाम्या मूत्राशयात अस्तराला घड्या असतात, छत्री पेशी फुगीर असतात, आणि त्या पेशींच्या आत युरोप्लाकिनच्या चकत्या लावलेले चपटे कप्पे राखीव ठेवलेले असतात. लघवी भरायला लागली की आधी घड्या सुटतात, नऊवारीच्या निऱ्या सुटाव्यात तशा, मग पेशी चपट्या होतात, आणि तेवढ्यानेही पुरलं नाही की आतले कप्पे वर येऊन पृष्ठभागाला जोडले जातात, म्हणजे पेशी स्वतःचं कापड वाढवते. लघवी करून आलो की ते जादा कापड पुन्हा आत ओढून घेतलं जातं. दिवसातून सात-आठ वेळा, आयुष्यभर, आपल्या नकळत. सोबत बाहेरचा स्नायू, त्याला डिट्रुसर म्हणतात, तो सैल राहतो, त्यामुळे ३००-४०० मिली भरेपर्यंत आतला दाब जवळजवळ वाढतच नाही. ठीक माणसाच्या टेस्टमध्ये ती रेघ सपाट जाते ती यामुळे. माझी सपाट राहिली नाही.

पुढचं तर मला कधीच माहीत नव्हतं. हे अस्तर नुसतं वॉटरप्रूफिंग नाही, ते जाणवून घेतं. ताण पडला की अस्तराच्या पेशी एटीपी सोडतात. एटीपी म्हणजे आपण मुलांना पेशीचं ऊर्जेचं चलन म्हणून शिकवतो तोच, पण इथे तो निरोप म्हणून वापरला जातो, जवळच्या चेतातंतूंच्या टोकांवर त्याला पकडणारे रिसेप्टर असतात आणि तिथून संदेश कण्यातून मेंदूकडे जातो. ताण ओळखणारं एक खास प्रथिनही सापडलंय, पिएझो२. २०२० साली संशोधकांनी दाखवलं की ते या छत्री पेशींत आणि मूत्राशयाच्या चेतापेशींत, दोन्हीकडे काम करतं. ज्या थोड्या लोकांत जन्मतःच पिएझो२ चालत नाही त्यांना मूत्राशय भरल्याची नीट जाणीव होत नाही, ते घड्याळ बघून जातात. पिएझो प्रथिनं शोधणारे आर्डेम पटापुटियन यांना २०२१ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मी तेव्हा शाळेच्या सूचनाफलकावर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, स्पर्श आणि तापमान एवढंच लिहिलं. लघवीची जाणीव त्यातच येते हे तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

इन्फेक्शनचंही त्यांनी इथेच समजावलं. ई. कोलायच्या अंगावर बारीक धागे असतात, त्यांच्या टोकाला युरोप्लाकिनला पकडायची सोय असते, म्हणून धारेबरोबर तो वाहून जात नाही. मग शरीर काय करतं, तर जिवाणू बसलेल्या छत्री पेशी चक्क सोडून देतं, त्या गळून लघवीवाटे जातात, आणि खालच्या थरातल्या पेशी भराभर वाढून जागा भरून काढतात. एरवी या पेशी महिनोन्महिने टिकणाऱ्या, पण गरज पडली की दुरुस्ती पटकन. अस्तर उघडं पडलेलं असतं तोवर जळजळ आणि घाई होणारच. पण माझं इन्फेक्शन जाऊन खूप दिवस झाले होते, कल्चर निल होतं, तेव्हा त्या पुढच्या चार कोर्सचा काही उपयोग नव्हता हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. आधीच्यांना नावं न ठेवता सांगितलं, तेही आवडलं.

माझ्या बाबतीत नाव पडलं ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर. भरण्याच्या काळात जो स्नायू शांत बसायला हवा तो मधेच आवळतो. आणि माझ्या सवयींनी त्यात भर टाकली होती. बाहेर जाण्याआधी 'जाऊन येऊ एकदा' म्हणून न लागताही जायचं, दर तासाला जायचं, आणि पाणी कमी प्यायचं. न लागता वारंवार गेलं की मूत्राशयाला थोड्यावरच रिकामं व्हायची सवय लागते, आणि पाणी कमी केलं की लघवी दाट होते आणि ती आणखी टोचते. मी जे जे जपणं म्हणून करत होते ते नेमकं उलटं पडत होतं.

उपचार दोन भागांत. एक गोळी, मिराबेग्रॉन, ती डिट्रुसरवरच्या बीटा-३ रिसेप्टरवर काम करून भरताना स्नायू सैल ठेवते. जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठ होतो, मला तो आधीच आहे म्हणून ही दिली. बीपी आधी मोजलं आणि दर भेटीत मोजतात. फरक पडायला काही आठवडे लागतील हे आधीच सांगितलं, म्हणून मी दहाव्या दिवशी निराश होऊन गोळी सोडली नाही.

दुसरा भाग म्हणजे ब्लॅडर ट्रेनिंग, इथल्या फिजिओ ताईंचा, आणि खरं बळ मला तिथून मिळालं. त्या म्हणाल्या, लाट आली की पळायचं नाही. पळालं की ती वाढते. जिथे आहात तिथे थांबा, जमलं तर बसा, लघवी रोखताना आवळतो ते खालचे स्नायू पटपट पाच-सहा वेळा आवळा आणि सोडा, श्वास चालू ठेवा, लाट ओसरू द्या आणि मग शांतपणे चालत जा. ते स्नायू आवळले की डिट्रुसरला गप्प बसायचा निरोप जातो. आवळायचे कसे हे त्यांनी तपासून शिकवलं, कारण बहुतेक जणींप्रमाणे मीही पोट आणि मांड्याच आवळत होते. मग दोन वेळांमधलं अंतर दर आठवड्याला १५ मिनिटांनी वाढवायचं. पहिला आठवडा सव्वा तास, पुढचा दीड. चहा चारवरून दोन कप. पाणी बंद नाही, दीड ते दोन लिटर, पण संध्याकाळी सातनंतर कमी.

पहिले तीन आठवडे अवघड गेले, खोटं कशाला सांगू. चौथ्या आठवड्यात एका ऑफ तासाला स्टाफरूममध्ये लाट आली, मी खुर्चीतच बसून राहिले, वह्या तपासत राहिले, आणि ती गेली. गेली! इतका आनंद मला बरेच दिवसांत झाला नव्हता. आता १२ आठवडे झालेत. दिवसा आठ वेळा, रात्री एकदा किंवा नाहीच, दर वेळी २५० च्या आसपास, सकाळी ३५०. पूर्ण बरं झालं म्हणणार नाही, थंडीत आणि कुलूप उघडताना अजून घाई होते. पण मी गेल्या महिन्यात सातारा ते स्वारगेट मधे कुठेही न उतरता गेले.

आता एक स्टार का कापला. काउंटरवरच्या मुलीने भरलेल्या वेटिंगमध्ये मोठ्याने विचारलं की 'गळती किती दिवसांपासून?' शेजारी एक माजी विद्यार्थ्याचे वडील बसलेले होते. हे फॉर्मवर लिहून घेता येतं, तोंडी विचारायची काहीच गरज नाही. दुसरं, लघवी साठवून या म्हणून सांगता आणि मग ५० मिनिटं थांबवता, ज्याला घाईचाच आजार आहे त्याला, हे बरोबर नाही, अशा पेशंटची वेळ तरी पाळा. तिसरं, कपडे बदलायच्या खोलीत हुक नाही, साडी ठेवायची कुठे? आणि रिपोर्ट सगळा इंग्रजीत, मला वाचता आला पण माझ्या शेजारी बसलेल्या वाईच्या आजींना नाही आला, त्यांना मी समजावून सांगितलं. एक पान मराठीत द्या, तेवढं तुमच्याकडून नक्की होईल, कारण बोलून समजावण्यात तुमची माणसं फार चांगली आहेत. बिल फोनवर सांगितलं तेवढंच आलं, मधेच काही वाढलं नाही.

शाळेचं एक लिहायचं राहतंय. आमच्याकडे मुली शाळेत पाणी पीत नाहीत, कारण टॉयलेटला कडी नाही किंवा पाणी नाही, आणि दहा ते पाच तशाच राहतात. मी स्वतः नोकरीची पहिली बरीच वर्षं तशीच राहिले. यंदा मी मुख्याध्यापकांकडे जाऊन दोन कड्या बसवून घेतल्या आणि वर्गात कुणी बोट वर केलं की कारण विचारत नाही. आणि उत्सर्जनाचा धडा शिकवताना या वर्षी तो डॉक्टरांचा कागद वर्गात नेला, छत्री पेशी फळ्यावर काढल्या, निऱ्यांचं उदाहरण दिलं. एका मुलीने विचारलं, 'मॅडम, मग त्या पेशी रात्री झोपत नाहीत?' तिला काय उत्तर द्यायचं ते मी डॉक्टरांना विचारून घेणार आहे.

येणाऱ्यांसाठी एवढंच की सैल सलवार किंवा गाऊन आणा, साडी नको, एक पॅड आणि जादा अंतर्वस्त्र पिशवीत असू द्या, टेस्टनंतर दिवसभर पाणी भरपूर प्या, एक-दोन दिवस थोडं जळजळतं, ताप आला किंवा लघवीत जास्त रक्त दिसलं तर मात्र लगेच फोन करा, फोन उचलतात. दुपारी दोननंतरची वेळ घेतलीत तर गर्दी कमी असते. माझी पुढची भेट दिवाळीच्या सुट्टीत आहे, डायरीच्या कोऱ्या पानांच्या झेरॉक्स आत्ताच काढून ठेवल्यात.